सात आखूड, एक लांब

आमच्या नणंदबाईंच्या भिशीनं यंदा सोन्याऐवजी समुद्रावर पैसे घालायचं ठरवलंय. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून बोटीत बसायचं, शनिवार-रविवार पाण्यावर काढायचे आणि सोमवारी ज्याच्या त्याच्या कामाला लागायचं. मी २०१९ मध्ये ‘कर्णिका’वरून जाऊन आले होते, पुढे ‘एम्प्रेस’वरूनही गेले. तेव्हा ‘दोन्ही कंपन्यांची तुलना करून चार ओळी लिहून पाठव, तू नाहीतरी लिहीतच असतेस’ असा ताईंचा निरोप आला. त्या चार ओळी लिहून तयार होत्या. तेवढ्यात ताईंनी भिशीच्या ग्रुपवरचा एक सल्ला मला पुढे धाडला. नुकत्याच कुठल्याशा क्रूझवरून आलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं: ‘सुरुवातीला एक सेफ्टी ड्रिल असतं, फार बोअर. आपण केबिनमध्येच बसून राहायचं, कोणी विचारत नाही.’ खाली अंगठ्यांची ही रांग. एकीनं तर ‘बरं झालं सांगितलंस’ असंही लिहिलं होतं.

तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

आधी तुलना उरकते. ‘कर्णिका’ जलेश कंपनीची, ‘एम्प्रेस’ कॉर्डेलियाची, आणि दोघींचा जन्म एकाच सालचा, १९९०. ‘कर्णिका’ इटलीत मोनफाल्कोनेच्या गोदीत बांधली गेली. तिचं पहिलं नाव ‘क्राउन प्रिन्सेस’. पुढे पुष्कळ नावं बदलत ती ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युवेल’ झाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत आली. तिचं बाह्यरूप रेन्झो पियानो या मोठ्या वास्तुविशारदानं रेखलं होतं. धक्क्यावरून पाहताना तिचं डॉल्फिनसारखं गोलसर कपाळ लगेच नजरेत भरायचं. कोविड आला, कंपनी बंद पडली आणि २०२० सरता सरता ही बोट अलंगला तोडायला गेली. ताईंना हे ठाऊकच नव्हतं. ‘एम्प्रेस’ फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलेली, मूळची ‘नॉर्डिक एम्प्रेस’. ती पहिल्यापासून तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींसाठीच आखलेली होती. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती आपल्या किनाऱ्यावर आहे. ‘कर्णिका’ सत्तर हजार टनांच्या घरातली, ही अठ्ठेचाळीस हजारांच्या. मोठ्या बोटीत ऐसपैस वाटायचं. पण दोन रात्रींच्या मुक्कामाला मला ‘एम्प्रेस’च बरी वाटली, कारण आपली केबिन, जेवणाची जागा आणि उघडा डेक यांचा रस्ता पहिल्या संध्याकाळीच पाठ होतो. जेवण दोन्हीकडे चांगलं होतं. झाली तुलना.

आता ड्रिलबद्दल. माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की नाट्यगृहात बसल्यावर मी आधी बाहेर पडायचं दार शोधते. आमच्या सोसायटीतल्या आगीच्या सरावावर लिहिलं होतं तेव्हा बऱ्याच जणांनी मला भित्री ठरवलं. ठरवू देत. समुद्रावर तर हा सराव कायद्यानं लावलेला आहे आणि दोन्ही बोटींवर तो मन लावून घेतला गेला. सात आखूड भोंगे आणि मग एक लांब. हा इशारा ऐकला की प्रत्येकानं आपल्या कार्डावर छापलेल्या जागी जमायचं. लिफ्टनं नाही, जिन्यानं. तिथे खलाशी यादीवर खुणा करतात, जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात.

मी उभी होते त्या घोळक्यात सांगण्यासारखं दृश्य होतं. पुढ्यात एक पोरगेली खलाशी मुलगी जॅकेट अंगात घालून दाखवत होती. गळ्यातून घ्यायचं, पट्टा पाठीमागून फिरवून पुढे आणायचा, खटका बसला की टोक ओढून घट्ट करायचं. खांद्यापाशी शिट्टी आहे, त्याच्या शेजारी पाणी लागताच पेटणारा दिवा आहे. ती हे सांगत असताना दोन तरुण तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढत होते. एका काकांना मॅचचा स्कोअर हवा होता आणि तो त्यांना मोठ्या आवाजात हवा होता. दोघी-तिघी ‘चला गं, वर नाश्ता लागलाय’ म्हणत मधूनच निघून गेल्या. मुलीनं आवाज चढवला नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. माझ्या बाजूला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्यानं मात्र दाखवायला ठेवलेलं जॅकेट मागून घेतलं, खटका लावून पाहिला, सोडवला, परत लावला. मग आईला विचारलं, “तुला येतं का?” आई म्हणाली, “ते लोक घालतील आपल्याला.”

कोण लोक घालतील? त्या मुलीनं किती जणांच्या अंगात जॅकेट घालायचं?

हा सराव उगाच आलेला नाही. समुद्रावरच्या माणसांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला तोच ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर, १९१४ मध्ये. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीतल्या जिल्यो बेटापाशी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटून आडवी झाली, बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी चिव्हिटाव्हेकिया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी व्हायचा होता. नियमात तेव्हा चोवीस तासांची सवड होती. त्या रात्रीनंतर नियम बदलला. २०१५ पासून बोट सुटायच्या आधी, नाहीतर सुटल्याबरोबर सराव घ्यावाच लागतो. म्हणजे ज्या अर्ध्या तासाला त्या बाई बोअर म्हणतात, तो माणसं गेल्यावर मिळालेला आहे.

आणखी एक गोष्ट भिशीच्या ग्रुपवर कोणालाच माहीत नसावी. बोट सोडायचा हुकूम झाल्यावर सगळ्या लाइफबोटी तीस मिनिटांत माणसांसह पाण्यात उतरल्या पाहिजेत, असा नियम आहे. पण या तीस मिनिटांच्या हिशेबात प्रवासी जॅकेट घालून आपापल्या जागी आधीच जमलेले आहेत, असं धरलेलं असतं. ते जमलेच नाहीत तर? केबिनमध्ये बसून राहिलेल्या बाईंना आपली जागा माहीत नाही. त्या जिन्यात उलट्या दिशेनं निघणार आणि वर येणाऱ्यांना अडवणार. त्यांना शोधायला एक खलाशी जाणार आणि तेवढा वेळ त्याची लाइफबोट थांबणार. म्हणूनच ‘आमचं आम्ही बघू’ हे वाक्य बोटीवर चालत नाही. तिथे एकाचा आळस दुसऱ्याच्या जिवावर बेततो. मला राग आलाय तो याचा.

आणि ही आपल्याकडची माणसं बोलतायत, याचा जास्त. परदेशातल्या दुर्घटना दूरच्या वाटत असतील, पण ‘रामदास’ तर आपल्या दारातली. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ‘रामदास’ रेवसला निघाली. आषाढ अमावास्या तोंडावर, घरी पोहोचायची घाई, बोट खचाखच भरलेली. गिरगावातली, परळ-लालबागची, अलिबागकडची माणसं. पाऊस आणि वारा दोन्ही होते. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेनं बोट कलली, माणसं घाबरून एका अंगाला धावली आणि ती आणखी कलली. पाऊस आत येऊ नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. त्यांतून कित्येकांना बाहेरच पडता आलं नाही, असं वाचलेले लोक सांगत. सहाशेहून जास्त जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे मुंबईला ही बातमी कळायलाच काही तास गेले. रेवसकडचे कोळी मासळी भरून मुंबईला येत होते. त्यांनी मासळी समुद्रात लोटून दिली आणि जागा करून माणसं वर ओढली.

माझं आजोळ अलिबागजवळ. ‘रामदास’नंतर आजीनं मुंबईची बोट कायमची सोडली. मामांनी किती समजावलं तरी ती पनवेलवरूनच यायची, सगळा दिवस मोडून. धरमतरच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, तरीत बसावंच लागायचं. दुसरा काठ येईपर्यंत आजी कोणाशी बोलत नसे. पदर कमरेला खोचलेला, पिशवी खाली ठेवलेली, दोन्ही हात मोकळे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, “पिशवी खाली का ठेवतेस? भिजेल ना.” ती म्हणाली, “हात मोकळे पाहिजेत.” तिला कोणी ड्रिल शिकवलं नव्हतं. गावातल्या ज्या घरांतली माणसं त्या दिवशी परत आली नाहीत, त्या घरांनी शिकवलं होतं.

त्या काळच्या कोकण बोटींच्या आठवणी आपण फार हौसेनं काढतो. डेकवर अंथरलेल्या सतरंज्या, फणसांचा वास, बंदरात बोट उभी राहिली की मचव्यात उड्या टाकून उतरणारी माणसं. आजही भाऊच्या धक्क्यावर उभं राहिलं की रेवसची लाँच सुटताना दिसते, त्याच पाण्यातून ती जाते. पण त्या आठवणींत ‘रामदास’ मागे राहून जाते. शाळेच्या पुस्तकात ती मला कधी भेटली नाही. ‘टायटॅनिक’वर लाइफबोटी कमी होत्या, हे आमच्या सोसायटीतल्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. ‘रामदास’ हे नाव विचारलं तर बहुतेकांना फक्त समर्थ आठवतात. ही आपली, मोठ्यांची, कसूर आहे. मुंबईतल्या प्रत्येक शाळेनं १७ जुलैला मुलांना दहा मिनिटं ही गोष्ट सांगावी, एवढीच माझी मागणी आहे. ती मी या जागेवरून पूर्वीही केली होती आणि पुढेही करत राहणार.

वर्तमानातलं उदाहरण हवं असेल तर तेही फार जुनं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची इंजिनाची चाचणी चाललेली स्पीडबोट येऊन धडकली. पंधरा माणसं गेली. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेच्या लाँचवर जॅकेट सक्तीचं झालं. मी पुढच्याच महिन्यात गेले तेव्हा सगळे शिस्तीत घालून बसलेले होते. परवा पुन्हा गेले, तर धक्क्यावर घातलेली जॅकेटं लाँच वळल्याबरोबर निघाली आणि बाकाखाली गेली. एका गृहस्थांना मी “घाला हो परत” म्हटलं. ते चांगल्या घरचे, शिकलेले. म्हणाले, “मॅडम, उकडतंय.” उकडत होतं हे खरंच. जॅकेट जाड होतं, वास येत होता, पट्टा तुटायला आला होता. जॅकेटं हलकी आणि स्वच्छ ठेवणं हे लाँचवाल्यांचं काम आहे, त्यात सवलत नाही. पण अंगावरचं काढून ठेवायचं नाही, हे आपलं काम आहे.

तेव्हा ताई, तुमच्या भिशीसाठी माझं उत्तर असं. ‘कर्णिका’ राहिली नाही, ‘एम्प्रेस’वर खुशाल जा. केबिनला खिडकी घ्या, तिच्यासाठी जास्त पैसे पडले तरी घ्या. पहाटे किनाऱ्यावरचे दीपगृहांचे दिवे दिसतात, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधीच घ्या, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. संध्याकाळचे शो बघा, नाचा, आवडेल ते खा.

पण भोंगा झाला की तुम्ही सगळ्याजणी कार्डावरच्या जागी हजर पाहिजेत. त्या सल्ला देणाऱ्या बाईंना मधे घ्या, पट्टा त्यांच्याकडूनच लावून घ्या आणि खटका बसल्याचा आवाज आल्याशिवाय वर नाश्त्याला सोडू नका. सोडताना त्या खलाशी मुलीला सगळ्यांनी थँक्यू म्हणा. ग्रुपवर टाकायला जिना चढतानाचा फोटो काढा, आणि त्याच्याखाली तुमच्या जमायच्या जागेचं अक्षर लिहा. अंगठे त्यालाही येतील. नाही आले तर मला सांगा, पहिला मी देईन.