वाढदिवसाची आगगाडी : ही ऑर्डर आपल्या कारागिरांनी का सोडावी?

लहान मुलांच्या वाढदिवसाला हल्ली ‘थीम’ ठरते, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आगगाडीचे वेड जुनेच आहे. आई-वडील बाजारात येतात, पिशवीत बंद असलेला तयार सेट उचलतात, आणि दुसऱ्या दिवशी तो कचऱ्यात जातो. वाढदिवस करावा की करू नये हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. त्यात मी पडत नाही. पण गिऱ्हाईक दारात उभे असताना आपला शिंपी, पुठ्ठेवाला, सुतार आणि लग्नपत्रिका छापणारा हातावर हात ठेवून बसतो, हे मला मुळीच पटत नाही.

आता कायदाही आपल्या बाजूने आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आहेत, प्लॅस्टिकचे झेंडे आहेत, सजावटीचे थर्माकोल आहे, ताटल्या, पेले, चमचे आहेत आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरही आहेत. ही यादी म्हणजे वाढदिवसाच्या दुकानाची निम्मी मांडणीच झाली! कापड, पुठ्ठा, बांबू आणि लाकूड त्यात नाही. म्हणजे जो माल आपल्या गल्लीत पडून आहे तोच.

काही भाऊ म्हणतील, मुलांना तर टीव्हीवरचे चेहऱ्याचे निळे इंजिनच हवे. ते चित्र दुसऱ्याच्या मालकीचे आहे. परवानगीशिवाय छापून विकले तर माल जप्त होऊ शकतो. शिवाय त्याची गरज काय? आपल्याकडे माथेरानची गाडी आहे. नेरळ ते माथेरान ही सुमारे २० किलोमीटरची, दोन फुटी रुळांची वाट अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. पैसा वडील सर आदमजी पीरभॉय यांचा, आणि १९०७ मध्ये गाडी धावली. एका व्यापारी घराने स्वतःच्या खिशातून डोंगरावर रेल्वे नेली, हे मुंबईतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

या मार्गाची स्टेशनेच पार्टीचा कार्यक्रम लिहून देतात. नेरळला तिकीट खिडकी. तिकीट जुन्या रेल्वेसारखे जाड पुठ्ठ्याचे, अंगठ्याएवढे, त्यावर मुलाचे नाव. पत्रिका छापणाऱ्याला उरलेल्या कार्डातून ते सहज कापता येते. मग जुम्मापट्टीला एक खेळ. वॉटर पाइप नावाचे स्टेशन आहेच, तिथे सरबत. पुढे दोन खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा. अमन लॉजला थोडी विश्रांती, आणि माथेरानला केक. सगळे मिळून दीड तास, फार तर दोन. चार वर्षांचे पोर त्यापुढे रडू लागते, आणि रडणाऱ्या पोराच्या आईला तुमच्या झालरी दिसत नाहीत. शिट्टी मात्र एकच, ती गार्डच्या हातात. वीस शिट्ट्या वाटल्या तर शेजारी येऊन भांडतील.

डबे कशाचे करायचे? कापडाच्या दुकानात रिकामी खोकी रोज रद्दीत जातात. तळ कापला, कडेला पुठ्ठ्याची गोल चाके डकवली आणि दोन खांद्यांवर निवारीच्या पट्ट्या दिल्या की झाला डबा. पट्टी गळ्यात नको, खांद्यावरच हवी. थान गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी इंजिनाचे धुराडे होते. फुगे लावलेच तर फुटलेले तुकडे लगेच उचलावेत. लहान मूल ते तोंडात घालते आणि घशात अडकतात.

आता हिशेब. ३६ इंच पन्ह्याच्या पॉपलीनच्या एका मीटरमध्ये ९ बाय १२ इंचाचे बारा तुकडे निघतात. वीस मुलांना एक लाल आणि एक हिरवा झेंडा द्यायचा तर प्रत्येक रंगाचे दोन मीटर कापड पुरते, वर चार-चार झेंडे शिल्लक. कातरणाच्या पताका होतात. हमालाची लाल बंडी आणि टीसीचा काळा कोट दोन-तीन मापांतच शिवावा, सैल शिवावा, म्हणजे अंगातल्या कपड्यांवरून चढतो.

हा माल विकू नये, भाड्याने द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मंडपवाला कनात विकतो का? तीच कनात दहा लग्नांत फिरते. झेंडे, बंड्या, कोट, चादरीचा बोगदा, सगळे धुऊन पुन्हा जाते. विकायचे ते फक्त तिकीट आणि खोकी. यात शिंप्याला पहिल्या शिलाईनंतर दुरुस्तीचे काम मिळत राहते आणि गिऱ्हाईकालाही स्वस्त पडते.

परतभेट म्हणून लाकडी इंजिन द्यायचे असेल तर एक गोष्ट तपासावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. आपले कितीतरी सुतार या नोंदणीच्या भानगडीत पडत नाहीत, आणि मग मोठा दुकानदार त्यांचा माल ठेवायला घाबरतो. ओळखपत्र काढून घ्या. खेळणी आयातीवरचा कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाला. बाहेरचा माल पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही, तेव्हा हीच वेळ आहे.

आणि लाल कापड घेताना एक तुकडा आधी पाण्यात भिजवून पाहा. रंग सोडला तर ते थान परत करा. भाड्याच्या धंद्यात पहिल्याच धुण्यात टीसीची पांढरी कॉलर गुलाबी झाली तर ती शिलाई पुन्हा तुमच्याच माथी.