‘स्वस्त’ खलाशी कायद्याने घडवला

१/ १७५६ साली विजयदुर्ग पडला की आपल्याकडे सांगितली जाणारी समुद्रगाथा संपते. वास्तविक पुढील दोनशे वर्षे कोकणचा माणूस समुद्रावरच होता. जहाज मात्र परक्याचे होते. त्याचा इतिहास आपण वगळला. हा थ्रेड त्या वगळण्याविरुद्ध आहे.

२/ इंग्रज या खलाशांना ‘लस्कर’ म्हणत. शब्द मूळ फारसी ‘लष्कर’. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसे असत, खानपानाच्या कामावर गोव्याची. डेकवरच्या टोळीचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. किनाऱ्यावर ही दोन्ही नावे आजही आडनावे म्हणून नांदतात.

३/ यावर ठरावीक आक्षेप येतो: ‘ते पोटासाठी स्वेच्छेने गेले, पगार घेतला, यात अन्याय कोणता?’ आक्षेप सोयीचा आहे, परंतु करारनामा वाचला की तो टिकत नाही.

४/ १६६० च्या इंग्लिश नौकानयन कायद्यानुसार जहाजावरील तीन-चतुर्थांश खलाशी इंग्लिश असणे बंधनकारक होते. पुढे १८२३ च्या कायद्याने ठरवले की लस्कर ब्रिटिश मुलखात जन्मला असला तरी तो ‘ब्रिटिश खलाशी’ नव्हे. कर भरताना प्रजा, हक्क मागताना परका!

५/ लस्करांचा करार भारतीय बंदरातच संपवावा लागे. लंडनला उतरून अधिक वेतनाची नोकरी धरण्याची मुभा नव्हती. जहाज सोडले तर तो ‘फरारी’. मग वेतन गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतके राहिले, यात नवल काय? जिथे दुसरे दार बंद आहे, तिथे ‘स्वेच्छा’ हा शब्द जपून वापरावा.

६/ विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश खलाशासाठी जहाजावर १२० घनफूट जागा कायद्याने ठरली. लस्करासाठी? ३६ घनफूट. समर्थन असे की त्याला कमी जागा, कमी अन्न पुरते. आधी भेद करायचा आणि मग त्या भेदाला ‘स्वभाव’ म्हणायचे, ही साम्राज्याची जुनी रीत.

७/ पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस, १९१४ साली, ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५०,००० लस्कर होते. ब्रिटनचे धान्य, कोळसा, कापूस वाहणाऱ्या यंत्रणेचा हा कणा. तो ‘आज्ञाधारक’ म्हणून गौरवला जाई.

८/ हा ‘आज्ञाधारक’ खलाशी १९३९ मध्ये काय करतो? सप्टेंबरात युद्ध जाहीर होताच पाणसुरुंग आणि पाणबुड्यांच्या समुद्रात जुन्या वेतनावर जाण्यास तो नकार देतो. ब्रिटनच्या बंदरांत संप होतात, शेकडो खलाशी तुरुंगात जातात. अखेर मालकांना वेतन वाढवावे लागते. परक्या बंदरात, परक्या न्यायालयासमोर उभे राहून मिळवलेला हा विजय आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे?

९/ दुसऱ्या महायुद्धात ६,०००हून अधिक भारतीय व्यापारी खलाशी मृत्युमुखी पडले. लंडनच्या टॉवर हिल येथे समुद्रात हरवलेल्या खलाशांची नावे ब्राँझवर कोरली आहेत. भारतीयांची नावे मात्र स्मृतिग्रंथाच्या पानांवर आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. ब्राँझ वाटसरूला थांबवते. ग्रंथ कुणी उघडला तरच बोलतो.

१०/ ब्रिटनने विसरावे, यात त्याचा स्वार्थ होता. आपला कोणता? तलवार नाही, किल्ला नाही, म्हणून इतिहास नाही, ही समजूत मोडायला हवी. कोळसा ओढणारे आणि दोर खेचणारे हातही इतिहास घडवतात, आणि वेळ आली की तो अडवूनही धरतात.

११/ मित्रहो, आपल्या घरी पणजोबांची जुनी ‘नळी’ असेल, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, तर ती रद्दीत टाकू नका. जहाजाचे नाव, बंदर, तारीख, वेतन उतरवून ठेवा. तो दस्तऐवज आहे. (समाप्त)