दुसऱ्याचा कोड वाचता आला पाहिजे

फ्रेशर्सच्या मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते : इनहेरिटन्स कशासाठी वापरायचं? उत्तर तोंडपाठ असतं, ‘कोड रीयुजेबिलिटीसाठी’. पेपरात याच ओळीला मार्क मिळतात, त्यामुळे मुलांना दोष देत नाही. मग मी जावातला स्टॅक काढते. शेवटी ठेवलेलं आधी काढायचं, मध्ये हात घालायचा नाही, हा स्टॅकचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. जावाच्या स्टॅकमध्ये मात्र मधल्या जागी खुशाल काहीही घुसवता येतं. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा स्टॅक हा व्हेक्टर या तयार क्लासचा वारस म्हणून लिहिला गेला. साठवणुकीचा कोड आयता मिळाला आणि व्हेक्टरचे सगळे दरवाजे स्टॅकलाही उघडे राहिले. त्यावर विसंबून इतके प्रोग्राम लिहिले गेले, की आता ते बंद करता येत नाहीत. स्टॅकऐवजी डेक वापरा, असं जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सांगतं. खरं तर वारशापेक्षा वस्तूंची जोडणी बरी, हा सल्ला गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’मध्ये १९९४ सालीच छापला होता.

आपल्या सॉफ्टवेअर धंद्यात एक समज घट्ट बसला आहे. लायब्ररी तयार आहे, फ्रेमवर्क तयार आहे, मग कमी अनुभवाच्या मुलांवर काम भागेल. एस्टिमेटमध्ये ‘रीयूज’ लिहिलं की दिवस कापले जातात. मला हा समज घातक वाटतो. स्वतः लिहिलेल्या कोडमागची गृहीतकं निदान लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात. उचललेल्या कोडमागची शोधून काढावी लागतात, आणि त्याला जास्त कसब लागतं.

ती शोधली नाहीत तर काय होतं, ते बघा. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि ४० सेकंदांच्या आसपास आकाशात फुटलं. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. यानाची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेलं होतं. तिथे ते बिनतक्रार चाललं होतं. त्यात एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जायची. १६ बिटांत ३२,७६७ च्या पुढे जागा नाही. एरियान ५ चा आडवा वेग आधीच्या यानापेक्षा बराच जास्त होता, संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, ती ७२ मिलिसेकंद आधीच गेली होती. आणि हा भाग एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता! जुन्या यानाच्या गरजेपोटी तो चालू राहिला होता.

झाक-लुई लियोन्स यांच्या चौकशी समितीचा अहवाल मी नव्या मुलांना वाचायला लावते. त्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धोक्याची चलं सात होती, चारांना संरक्षण दिलं, तीन मोकळी सोडली. ती मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असा हिशेब त्यामागे होता, आणि प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. पण हा हिशेब कोडमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता. पुढच्या यानावर कोड चढला, हिशेब मागे राहिला. त्या सॉफ्टवेअरची भाषा अ‍ॅडा होती, त्यात वारशाचा प्रश्न नव्हता, तरी दुखणं स्टॅकचंच आहे. बर्ट्रांड मेयर आणि झाँ-मार्क झेझेकेल यांनी जानेवारी १९९७ मध्ये यावर लेख लिहिला. प्रत्येक घटकाच्या अटी कोडमध्येच करारासारख्या लिहाव्यात, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

जाणत्यांच्या हातूनही अशा अटी सुटतात. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’मध्ये बायनरी सर्च बरोबर असल्याचं सिद्ध करून दाखवलं होतं, तरी त्यात एक चूक राहिली होती. जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये तीच चूक सुमारे नऊ वर्षं बसून होती, असं त्यांनीच २००६ साली जाहीर केलं. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करायची, आणि यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज पूर्णांकात मावत नाही.

म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजांकडे माझी मागणी आहे. जर्नलमध्ये ठरावीक प्रोग्राम उतरवून घेण्यापेक्षा ओरलला दुसऱ्याचा शंभर ओळींचा क्लास विद्यार्थ्यासमोर ठेवा. तो काय करतो हे विचारू नका. तो कशावर विसंबून आहे आणि कुठे मोडेल, ते सांगायला लावा आणि त्याला मार्क द्या. कंपन्यांनी एस्टिमेटमध्ये ‘रीयूज’च्या ओळीखाली वाचनाचे दिवस वेगळे धरावेत, आणि त्या कामाला टीममधला सर्वांत अनुभवी माणूस बसवावा.