तारखेवर टांगलेले दुखणे

सन २०२२ च्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर एक विक्रम घडला. लोणीपासून मान्यापर्यंत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत, मध्ये कोठेही खंड न पाडता, अंथरण्यात आला आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमपुस्तकात झाली. त्यापूर्वी हा मान कतारमधील दोहा शहराकडे होता. तेथे २०१९ साली पंचवीस किलोमीटरांच्या कामास दहा दिवस लागले होते. शेकडो माणसे पाळ्यापाळ्यांनी अहोरात्र राबली आणि वऱ्हाडासारख्या मागे पडलेल्या म्हणून हिणविल्या जाणाऱ्या प्रांतात ही गोष्ट झाली, याचा आनंद आम्हांसही झाला होता. मनात आणले तर आपल्याकडेही काम किती झपाट्याने होऊ शकते, हे त्या पाच दिवसांत साऱ्या जगाने पाहिले.

त्याच रस्त्याने रोज सकाळी एसटीच्या गाड्या धावतात. त्यांत पोटावर पदर घट्ट दाबून, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद आणि सोनोग्राफीच्या पट्ट्या घेऊन बसलेली एखादी बाई हटकून असते. तिच्या अंडाशयात गाठ आहे. पाण्याने भरलेली पिशवीसारखी गाठ. डॉक्टर तिला 'सिस्ट' म्हणतात आणि आता सुशिक्षित घरांतही तोच शब्द रूढ झाला आहे, कारण 'अंडाशय' हा शब्द चारचौघांत उच्चारण्याचा संकोच अजून आपल्याला सुटलेला नाही. ही बाई तपासणीसाठी निघालेली नसते. तपासणीची तारीख मिळावी म्हणून निघालेली असते. ती तारीख कधीची मिळेल, हे तिला ठाऊक नसते, आणि रस्ता गुळगुळीत झाल्याने त्या तारखेत एका दिवसाचाही फरक पडलेला नसतो.

या दुखण्याचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. तसे केल्यावाचून व्यवस्थेला दोष देणे हा केवळ कांगावा होईल. पाळी येत असलेल्या वयात दर महिन्याला अंडाशयात एक पुटकुळी वाढते, सुमारे दोन सेंटिमीटरची होते आणि फुटून बीज बाहेर पडते. कधी ती फुटत नाही, वाढतच राहते. हीच बहुतेक गाठींची कुळकथा. अशा गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात. त्यांना औषध लागत नाही, शस्त्रक्रिया तर नाहीच नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी त्या लवकर विरतात, असा एक समज बराच काळ प्रचलित होता. पाहण्यांमध्ये तो टिकलेला नाही. तेव्हा तरुण स्त्रीच्या पाच सेंटिमीटरहून लहान, साध्या गाठीकडे पाहून जो डॉक्टर "दोन-तीन महिने थांबू आणि पुन्हा पाहू" असे म्हणतो, तो टाळाटाळ करीत नसतो. तो शास्त्राला धरून वागत असतो.

घोटाळा नेमका येथे होतो. या रोगात थांबणे हेच पुष्कळदा औषध असते. आणि आपल्या दवाखान्यांत थांबविणे हा रिवाज असतो. दोन्ही गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. बाकावर बसलेल्या बाईला कसे कळावे की आपण थांबलो आहोत ते डॉक्टरांनी विचारपूर्वक ठरविले म्हणून, की सोनोग्राफी करणारे डॉक्टर आज आले नाहीत म्हणून? विचारपूर्वक थांबण्याला शेवट असतो. अमुक तारखेस पुन्हा चित्र घ्यायचे, गाठ अमुक मापापर्यंत असेल तर सोडून द्यायची, वाढली असेल तर पुढची पायरी गाठायची, असा तो हिशेब असतो. रांगेतल्या थांबण्याला शेवट नसतो. तीन महिन्यांनी म्हणून सांगितलेली तपासणी सहाव्या महिन्यात होते, तोवर पहिला अहवाल हरवलेला असतो, समोर बसलेले डॉक्टर नवे असतात, आणि ते प्रामाणिकपणे म्हणतात, "तीन महिने थांबू." जी गाठ टिकून राहिली आहे ती टिकून राहिली आहे, एवढेही ठरविण्याची सोय अशा कारभारात उरत नाही.

आणि टिकून राहणाऱ्या गाठींचीच खरी चिंता असते. आपोआप न विरणाऱ्या गाठींत नाना जाती आहेत. काहींत केस आणि दातसुद्धा सापडतात; काहींत जुने रक्त साकळून चॉकलेटसारखे दाट झालेले असते आणि तशा बाईला दर पाळीत असह्य वेदना होतात, मूल होण्यास अडचण येते. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडला तर प्रश्न महिन्यांचा न राहता तासांचा होतो. एकाएकी उठलेली कळ आणि ओकाऱ्या या खुणा ओळखून बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत वेळेत पोचविले नाही, तर अंडाशय गमवावा लागतो. पाळी गेल्यानंतरच्या वयात दिसलेली गाठ तर कधीच अंगावर काढू नये. अंडाशयाचा कर्करोग पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरणे, वारंवार लघवीला होणे अशा अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या लक्षणांआड दडून बसतो आणि म्हणूनच उशिरा सापडतो. त्यासाठी जी रक्ताची चाचणी करतात, तिचा आकडा पोटाच्या क्षयातही वाढतो, चॉकलेटी गाठीतही वाढतो. तेव्हा नुसता आकडा पाहून घाबरणे जसे चुकीचे, तसे नुसता आकडा पाहून निर्धास्त होणेही चुकीचे. हे सारे उलगडून सांगायला डॉक्टरला दहा मिनिटे लागतात, आणि शे-दीडशे बायांच्या बाह्यरुग्ण विभागात ती दहा मिनिटे कोठून आणायची हा डॉक्टरचाही प्रश्नच आहे.

अंडाशयाची गाठ आणि प्रवास यांचा संबंध पुराणा आहे. १८०९ साली अमेरिकेत केंटकी प्रांतात जेन टॉड क्रॉफर्ड नावाची बाई साठ मैल घोड्यावर बसून डॅनव्हिल गावी गेली आणि एफ्रेम मॅक्डॉवेल या डॉक्टराने तिच्या पोटातून साडेबावीस पौंडांची गाठ काढली. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. ती बाई जगली, आणि चांगली अठ्ठ्याहत्तर वर्षांची होऊन वारली. आज धारणीच्या बाईला अमरावतीस येण्यासाठी घाट उतरून त्याहून लांबचे अंतर तोडावे लागते. फरक एवढाच की जेनबाईंचा डॉक्टर आपण होऊन घोड्यावर बसून तिला तपासायला आधी तिच्या घरी गेला होता.

आपल्याकडे या प्रश्नाचा पहिला धडा विदर्भातच लिहिला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत घरोघर जाऊन ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या पत्राने तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांपैकी ब्याण्णव बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक. आणि पूर्वी कधी तरी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त आठ टक्के. तोवर सरकारच्या लेखी खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच होते. गर्भाशयाच्या आत किंवा आजूबाजूला दुसरेही काही दुखू शकते, हे जगाला या पाहणीने दाखवून दिले. तिला साडेतीन दशके उलटून गेली. आम्ही वऱ्हाडातल्या एखाद्या घरात विचारले तर आजही बाई म्हणेल, "दुखते थोडंसं, कामानं असन." ती खोटे बोलत नाही. आपल्या दुखण्याचा घरच्यांवर भार पडू नये म्हणून तिने स्वतःचीही समजूत घातलेली असते.

शहरांतल्या सुशिक्षितांनी हे वाचून खेड्यांकडे बोट दाखवू नये. राजापेठेतली शिक्षिका, रामदासपेठेतली बँकेतली नोकरदार बाई यांची गोष्ट वेगळी आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यांना पैसे टाकून सोनोग्राफी त्याच दिवशी करून मिळते, हे खरे. पण रजा मागताना साहेबापुढे काय कारण सांगायचे, सासरी काय सांगायचे, लग्न न झालेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेताना शेजारणीने पाहिले तर काय, या विवंचनांत त्याही महिने घालवितात. रक्तदाब वाढला तर पुरुष चहाच्या टपरीवर सांगतो. पोटात गाठ आहे हे बाई सख्ख्या बहिणीलाही दबक्या आवाजात सांगते.

अमरावतीचे स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी अद्याप 'डफरीन' आहे आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, लेडी डफरीन यांच्या नावाने तो प्रसिद्ध निधी सुरू झाला होता, आणि त्यामागचा विचार असा होता की या देशातील बाई पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघड करीत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र दवाखाना हवा. परक्या राज्यकर्त्यांच्या बायकांना सुचलेला तो विचार स्वराज्यात आपण कितपत पुढे नेला? स्त्री रुग्णालये आहेत, आणि त्यांतली दाई, परिचारिका व डॉक्टर यांच्या कष्टांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु तेथील खाटा प्रामुख्याने प्रसूतीसाठी लागतात, आणि ते योग्यही आहे. अडलेल्या बाळंतिणीपुढे तीन महिन्यांच्या गाठीची बाई नेहमी मागेच सरणार. ती तातडीची नाही म्हणून मागे सरते, मागे सरत गेली म्हणून एके दिवशी तातडीची होते.

या संथपणाचा एक उलट परिणाम आहे आणि तो अधिक भयंकर आहे. सरकारी तारखेला कंटाळलेली बाई मंगळसूत्र गहाण टाकून खासगी दवाखान्यात जाते आणि काही ठिकाणी तिला सांगितले जाते की पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल. सगळेच डॉक्टर असे नाहीत. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशये किती मोठ्या संख्येने काढली गेली, हे २०१९ साली उघडकीस आले तेव्हा विधिमंडळही हादरले होते आणि चौकशी समिती नेमावी लागली होती. गाठ अंडाशयात, आणि काढले गर्भाशय. किंवा नुसती गाठ सोडवून अंडाशय वाचविता आला असता, तेथे दोन्ही अंडाशय काढून पस्तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारी केले, तिची हाडे ठिसूळ करून ठेवली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशय राखून गाठ काढणे आज अशक्य राहिलेले नाही. त्यासाठी कुशल हात आणि वेळेवर झालेले निदान मात्र लागते.

सरकार काहीच करीत नाही असे आम्ही म्हणणार नाही. आजच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पूर्वावतार २ जुलै २०१२ रोजी सुरू झाला तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांबरोबर, पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने झाले. तथापि तेथील पहिली तुकडी साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडेल ती २०३० च्या सुमारास, आणि तिच्यातून कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ वा क्ष-किरणतज्ज्ञ व्हायचा तर आणखी तीन वर्षे. पिशवीत जुने अहवाल घेऊन बसलेल्या बाईला तेवढा धीर धरण्यास कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय, पैसे लागत नाहीत म्हणून सोनोग्राफीची तारीख लवकर मिळते, असेही नाही. उलट रांग वाढते.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफीच्या यंत्रावर नोंदणीचे आणि ते कोणी चालवावे याचे कडक निर्बंध घातले. मुलींच्या जिवासाठी ते आवश्यकच होते आणि ते सैल करावेत असे सुचविण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु यंत्र चालविण्याचा अधिकार मोजक्यांना दिला, तर ते मोजके लोक तालुक्याच्या ठिकाणी हजर ठेवण्याची जबाबदारीही कायदा करणाऱ्यांवरच येते. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट येथे आठवड्यातून ठरलेल्या वारी गरोदर नसलेल्या बायांसाठीही सोनोग्राफी होईल, आणि तो वार चुकणार नाही, एवढी व्यवस्था करण्यास नवे महाविद्यालय लागत नाही. खासगी तज्ज्ञांना मानधन देऊन त्या दिवसापुरते बोलाविता येईल.

दुसरी गोष्ट याहूनही स्वस्त आहे. गरोदर बाईला जसे कार्ड मिळते, तसे गाठीच्या प्रत्येक बाईला मराठीत छापलेले कार्ड द्यावे. गाठ कोणत्या बाजूची, किती सेंटिमीटरची, थांबायचे ते कशासाठी, पुढची तपासणी कोणत्या तारखेस, आणि कोणती कळ उठली तर तारखेची वाट न पाहता निघून यायचे, एवढे त्यावर लिहिलेले असावे. डॉक्टर बदलला तरी कार्ड बदलणार नाही. मुंबईत आजाऱ्यांच्या नातेवाइकांना निवारा मिळावा म्हणून गाडगेबाबांनी धर्मशाळा उभारल्या. ते याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. दूरगावाहून आलेल्या बाईची आणि तिच्याबरोबरच्या माणसाची रात्रीची सोय कशी करायची, हे वऱ्हाडाला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्ष विसरून एकच प्रश्न लावून धरावा, अशी आमची मागणी आहे. या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक सरकारी रुग्णालयात, गरोदर नसलेल्या बाईने सोनोग्राफीसाठी आज नाव नोंदविले, तर तिची पाळी कितव्या दिवशी येते? उत्तर दिवसांत द्यावे, आणि रुग्णालयाच्या नावानिशी सभागृहाच्या पटलावर ठेवावे.