चुलीचें सरपण आणि गांवचें रान

दारव्ह्याच्या आसमंतांत कापसाची वेचणी संपली, कीं पऱ्हाट्या उपटून घरामागें रचून ठेवण्याचा परिपाठ जुना आहे. तूर निघाली म्हणजे तुराट्यांची भर पडते. ज्यांना शेत नाहीं अशा घरच्या बायका रानांतून मोळी आणतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें पुष्कळ गरीब घरांत गॅसची शेगडी पोंचली. परंतु सिलिंडर भरून आणावयास रोख रक्कम लागते आणि पऱ्हाटी पैशावांचून मिळते. त्यामुळें शेगडीच्या शेजारीं चूलही पेटतच राहिली.

सुशिक्षित घरांतून धूर केव्हांच गेला. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या राहूं लागल्या, म्हणून इंधनाचा प्रश्न मिटला अशी समजूत होणें स्वाभाविक आहे; पण ती बरोबर नाहीं. भांडीं घासावयास येणारी बाई अनेकदां आपल्या घरचा धूर गिळून आपल्याकडे येते. आणि तिची मोळी ज्या रानांतून येते, त्यास राखणारा कोणी नसला तर तें वर्षानुवर्षे विरळ होत जातें.

यावर ‘स्वच्छ वीज आणा’ हें उत्तर सोपें वाटतें. परंतु जें धूर सोडीत नाहीं तें सर्व निर्दोष, असें मानतां येत नाहीं. आपल्याच विदर्भांतील उदाहरण पाहा. गोदावरीवर इचमपल्ली व इंद्रावतीवर भोपालपट्टणम् येथें मोठीं धरणें बांधून वीज काढण्याची योजना होती. पाण्याच्या विजेला धूर नसतो हें खरें. पण त्या पाण्याखालीं गडचिरोली व बस्तर या भागांतील विस्तीर्ण अरण्य आणि आदिवासींचीं गांवें जावयाचीं होतीं. १९८४ च्या सुमारास बाबा आमटे, लालश्याम शाह आदींच्या पुढाकारानें ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली, आणि तीं धरणें बांधलीं गेलीं नाहींत.

नको त्या गोष्टीस ‘नको’ म्हणणें आवश्यक असतें. पण तेवढ्यानें रान राखलें जात नाहीं. त्या चळवळींत सामील झालेल्या, धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गांवानें पुढचें पाऊल टाकलें. देवाजी तोफा व त्यांचे गांवकरी यांनीं मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्यानें अभ्यासगट चालविले, आणि निर्णय बहुमतानें न करतां सर्वानुमतीनें करावयाचा असा दंडक घातला. रानांतून काय आणावें, किती आणावें, हें गांवच ठरवूं लागलें आणि राखणही गांवच करूं लागलें. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्क या गांवास मिळाला; २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं आला.

‘मेंढ्यास रान आहे, आम्हांपाशीं काय?’ असें दारव्ह्याचा वाचक विचारील. आपल्यापाशीं गुरें आहेत आणि ऊन आहे. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास दररोज सुमारें ५० किलो शेण लागतें, म्हणजे चार-पांच जनावरांचें. तेवढ्यांत पांच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. गोवरी जाळली म्हणजे खत जळतें. संयंत्रांतून मात्र गॅसही मिळतो आणि उरलेली मळी शेताला उत्तम खत म्हणून परत जाते. ज्याच्या गोठ्यांत एकच गाय आहे, त्याचा प्रश्न एकट्याच्या घरांत सुटणार नाहीं; तीन-चार शेजारी एकत्र बसले तर सुटूं शकेल. उन्हाचेंही तसेंच आहे. केंद्र सरकारनें २०२४ सालीं सूर्यघर योजना सुरू करून घरच्या छपरावरील तीन किलोवॅटच्या सौरसंचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें. ज्यांचें छत पक्कें व स्वतःचें, त्यांना ही सोय घेतां येते. ज्यांच्या डोक्यावर भाड्याचे पत्रे, त्यांचें काय? शाळा, वाचनालय, देऊळ यांच्या छपरांचा विचार येथें केला पाहिजे.

हा विचार कोणी एक पुढारी करून देईल, अशी वाट पाहूं नये. वाचकभगिनींनीं एक महिनाभर वहींत टिपून ठेवावें: आपल्या घरीं गॅस किती लागला, वीज किती जळली, आणि घरीं कामास येणाऱ्या बाईस आपुलकीनें विचारून, तिच्या चुलींत पऱ्हाटी किती, मोळी किती, तेंही लिहावें. मग आळींतील मंडळींनीं त्या वह्या घेऊन एकत्र बसावें. बैठकीची वेळ मात्र पुरुषांच्या सवडीनें ठरवूं नये. जिला फुंकणीनें चूल फुंकावी लागते ती बाई जेव्हां मोकळी असेल, तीच वेळ धरावी. आणि तिचा होकार मिळेपर्यंत निर्णय झाला असें कोणी मानूं नये.