पुस्तक मोकळं सोडा, ताट फिरू द्या

वाचकहो आणि लिहिणाऱ्यांनो,

देवळातल्या कीर्तनाला कुणी तिकीट काढून बसतं का? उत्तररंग संपतो, आरती होते आणि ताट फिरतं. कुणी दहा टाकतो, कुणी शंभर, कुणी नुसतीच आरती घेऊन निघतो. त्याला कुणी अडवत नाही. मराठी पुस्तकाने हीच वाट धरावी, म्हणून हे पत्रक.

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या ५०० प्रती छापल्या. निम्म्याहून जास्त अजून दिवाणाखाली आहेत. गेल्या पावसाळ्यात तळच्या गठ्ठ्याला वाळवी लागली. सुतळी तोडून एकेक प्रत झटकत रात्र काढली. तालुक्याच्या दुकानात गाइडं आणि वह्या. वाचणाऱ्याची नि पुस्तकाची गाठ पडणार कुठे? दुसरा संग्रह मी पीडीएफ करून मोकळा सोडला. शेवटच्या पानावर क्यूआर कोड आणि एक ओळ : आवडलं तर जमेल ते द्या. एका रात्री फोन वाजला. २१ रुपये, आणि सोबत निरोप : ‘तिसरी गोष्ट आईला वाचून दाखवली.’

‘लोक फुकटे आहेत, कोण देणार?’ असं म्हणणारे अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंगचं नाव घेतात. २००० साली त्याने ‘द प्लांट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने इंटरनेटवर दिली. सुरुवातीला हप्त्याला एक डॉलर, तोही वाचकाच्या इमानावर. मात्र शंभरातल्या ७५ जणांनी दिला तरच पुढे लिहीन, ही अट. देणारे घटले आणि सहाव्या हप्त्यावर कादंबरी थांबली ती कायमची. माझ्या मते चूक त्या अटीत होती. किती जणांनी ताटात टाकलं नाही हे मोजून बुवा उद्याचं कीर्तन बंद करत नाहीत. शिवाय तेव्हा यूपीआय नव्हतं. आपल्याकडे ते २०१६ला आलं, आणि आज भाजीवालीला दहा रुपये पाठवणारा हात लेखकालाही पाठवू शकतो.

चोरून स्कॅन केलेल्या पुस्तकांशी याची गल्लत करू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजींचं लेखन २०११पासून सर्वांचं झालं. हयात लेखकाने स्वतः दिलं तरच घ्या. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी मंडळी लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तकं विनामूल्य वाटत आलीच आहेत.

लेखकांनो, ज्यांची पुढची आवृत्ती निघणार नाही ती पुस्तकं प्रकाशकाकडून रीतसर सोडवून घ्या आणि मोकळी करा.

वाचकांनो, शेवटचं पान संपलं की फोन खाली ठेवण्याआधी दहा रुपये पाठवा. नसतील तर पुस्तक दोघांना पाठवा, आणि कुठली गोष्ट आवडली ते लेखकाला कळवा.