जपलेला खांदा

जपानचा पिचर रोकी सासाकी २०२५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि मे महिन्यात त्याचा खांदा दुखावला. २०१९ चा वाद आठवावा असाच हा प्रसंग. त्या जुलैत इवाते प्रांताच्या शालेय स्पर्धेत या मुलाने एका सामन्यात १९४ चेंडू फेकले, उपान्त्य सामन्यात १२९. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने त्याला उतरविलेच नाही. शाळा हरली, कोशियेनचे द्वार बंद झाले, प्रशिक्षकावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. आमच्या मते तो गुरुधर्मास जागला. १० एप्रिल २०२२ रोजी सासाकीने एकाही फलंदाजास तळावर पोहोचू दिले नाही, ते याच हाताने. मात्र त्याच्याविना हरलेल्या सवंगड्यांना काय सांगावे, हे आम्हांसही उमगलेले नाही.